जुनी दप्तरे आणि त्यांचे आश्रयदाते

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची, देणगीदारांची आणि दिवंगत बंधुभगिनींची नावे छापली जातात, व ती छापली जावीत हे उचितच आहे. यंदा संपादक-मंडळाने इतिहासविषयक काही पाने लिहिण्याची आज्ञा आम्हांस केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म खडू-फळ्यात घालविलेले एक निवृत्त शिक्षक; संशोधक ही पदवी आम्हांस शोभणारी नव्हे. परंतु मंडळाच्या नांदेड येथील कार्यालयात माळ्यावर ज्या चार पत्र्याच्या पेट्या आहेत, त्यांच्या किल्ल्या गेली काही वर्षे आमच्यापाशी आहेत. त्या पेट्यांतील पोथ्या, वह्या व मोडी कागद वाळवीपासून वाचवावे, त्यांची छायाचित्रे संगणकावर उतरवून ठेवावी, आणि ह्या कामास लागणारे द्रव्य कोठून तरी मिळवावे, ह्या विवंचनेत आमचा पुष्कळ काळ गेला. अशी विवंचना आमच्याआधी फार थोर माणसांनी केलेली आहे. त्यांस द्रव्य कसे मिळाले, हे पाहिले तर आपणांस ते का मिळाले नाही याचा थोडाबहुत उलगडा होतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपल्या भागात कागदापेक्षा धातू व दगड अधिक टिकले आहेत. वाशीम येथे १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात ‘नंदिकड’ असा जो उल्लेख आहे तो आपल्या नांदेडचा, असे विद्वान मानतात. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे लातूर. कंधारचा किल्ला, निलंग्याचे नीलकंठेश्वराचे देऊळ, खरोशाची लेणी ही सारी उन्हापावसात उभी आहेत. पण त्यांच्या सावलीत ज्या माणसांनी शेते कसली, बाजार भरविले, मुलींची लग्ने केली, त्यांची नावे कागदावर होती, आणि कागदास वाळवी, कसर, पाणी व माणसाची अनास्था असे चार शत्रू आहेत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव येथे घ्यावेच लागते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे असे बावीस खंड काढले. त्यांच्यापाशी ना सरकारी अनुदान होते, ना कोणा संस्थानिकाची तनखा. गावोगाव पायपीट करावी, वाड्यांच्या दारांत उभे राहावे, दप्तर दाखवा म्हणून विनवावे, आणि पुष्कळदा नकार घेऊन परतावे, असा त्यांचा क्रम होता. आपल्या मराठवाड्याशी त्यांचा एक विशेष ऋणानुबंध आहे. बीडकडील पाटांगण येथे त्यांस ज्ञानेश्वरीची एक अतिशय जुनी पोथी मिळाली, व तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. आज ती कोणाच्याही हाती नाही. छापलेली प्रत मात्र आहे. मूळ वस्तू जपावीच, पण तिची प्रत वेळीच काढून ठेवावी, ह्या म्हणण्यास याहून बळकट दाखला आम्हांस सापडलेला नाही. राजवाड्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पुढे त्याच मंडळाशी त्यांचे बिनसले व ते धुळ्यास गेले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी त्यांचा देहान्त झाला आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी लगोलग, १९२७ साली, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ निघाले. मोठ्या माणसांची भांडणेही मोठी असतात. कागद मात्र दोन्ही ठिकाणी सुरक्षित राहिले, हे आपले भाग्य.

आता दुसरे उदाहरण, जे ऐकून आमच्या शाळेतील मुले नेहमी चकित होत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली पुण्यास स्थापन झाले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम त्याने १९१९ साली हाती घेतले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली आणि १९६६ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, ते कार्य समाप्त झाले. आरंभी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले. आणि १९३२ साली पैशाची निकड भासली तेव्हा ज्यांच्याकडे विनंती गेली, ते होते आपल्या हैदराबाद राज्याचे निजाम मीर उस्मान अली खान. त्यांनी महाभारताच्या प्रकाशनार्थ दरसाल एक हजार रुपये अकरा वर्षे मंजूर केले, आणि पाहुण्यांच्या निवासासाठी पन्नास हजार दिले. ती वास्तू आजही निजाम अतिथिगृह म्हणून ओळखली जाते.

ज्या राज्यात आमच्या वडिलांच्या पिढीस माध्यमिक शिक्षण उर्दूतून घ्यावे लागले, त्या राज्याच्या तिजोरीतून महाभारतास द्रव्य जावे, ह्याचे कोणास नवल वाटेल, कोणास विषादही वाटेल. नांदेड-लातूरकडच्या रयतेच्या सारापट्टीतला पैसा पुण्यास गेला, आणि नांदेड-लातूरच्या दप्तरांस एक फडकेही मिळाले नाही, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तू खाते काढले, गुलाम यझदानी यांच्यासारखा व्यासंगी अधिकारी नेमला, अजिंठ्याच्या चित्रांच्या डागडुजीस इटलीहून कारागीर आणविले. लेण्यांस आश्रय होता. घरातल्या रुमालांस नव्हता. परंतु ह्या प्रकरणाची दुसरी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. भांडारकर संस्था हात पसरून गेली तेव्हा तिच्यापाशी दाखविण्याजोगे काही होते. कोणत्या पोथ्या कोठून आल्या याची नोंद होती, कोणते पर्व कोणाकडे सोपविले हे ठरलेले होते, आणि १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग छापूनही निघाला होता. दाता कोणत्याही धर्माचा असो, तो आधी हेच पाहतो.

आपल्या शेजारचे तेर पाहा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला, तोवर तेर आणि लातूर एकाच जिल्ह्यात होती. प्राचीन तगर नगर ते हेच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनी गावच्या पांढरीत व शेतांत सापडणारी मातीची खेळणी, मणी, नाणी, मूर्ती पदरमोड करून जमविली. लोक ज्यास खापरे म्हणून फेकीत, ते त्यांनी उचलले. पुढे तो संग्रह शासनाच्या हवाली झाला आणि आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. येथेही क्रम तोच: आधी एका माणसाने जमविले, जपले, आणि मगच शासनाने छप्पर दिले.

निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे आपल्या भागाचे भूषण. फारसी, उर्दू, मराठी कागदांत ते सारख्याच सहजतेने वावरत. त्यांच्यासारखा वाचक असला तर दप्तर बोलते. नुसती छायाचित्रे काढून ठेवली आणि मोडी वाचणारा उरला नाही, तर मुक्या माणसाचे सुंदर चित्र काढल्यासारखे होईल. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कागद गेले कसे, हेही सांगितले पाहिजे. रझाकारांच्या धामधुमीत आणि १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईच्या सुमारास गावे सोडताना लोकांनी दागिने व लेकरे उचलली, वह्या राहिल्या. १९५६ साली राज्य-पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा निजामकालीन सरकारी दप्तरांचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. तो आता तेलंगणा राज्याच्या अभिलेखागारात आहे. आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले होते. किल्लारीनजीकच्या एका खेड्यात आमच्या आत्याबाईंचे घर होते, दगडमातीच्या रुंद भिंतींचे. त्या घराच्या देवळीत त्यांच्या सासऱ्यांची लाकडी पेटी असे. लहानपणी सुटीत गेलो असता आम्ही ती उघडलेली पाहिली होती: लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्या, पहिल्या पानावर कुंकवाचे बोट. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही तेथे पोचलो. आत्याबाई वाचल्या, घरातील तिघे गेले. पेटीची चौकशी करण्याचे भान कोणास असणार, आणि असते तरी ती चौकशी लाजिरवाणी ठरली असती. पाऊस पडत होता. पुढे यंत्राने ढिगारा उपसला गेला, गाव दुसरीकडे वसले. त्या वह्यांत काय होते ते आता कोणीही सांगू शकत नाही. त्यांची कोठे साधी यादीही नव्हती.

असो. आता वर्तमान काळाकडे वळू. आज द्रव्य मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यास ‘ज्ञान भारतम्’ हे नवे रूप मिळाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करावयाचे असा संकल्प सोडला गेला, आणि त्यात विद्यापीठे, ग्रंथालये यांच्या जोडीने खासगी संग्राहकांचाही समावेश केला गेला. पूर्वी वर्षास साडेतीन कोटींची असलेली तरतूद साठ कोटींवर गेली. हे वाचून आम्हांस किती हर्ष झाला! पण नियम वाचता वाचता तो ओसरला. हस्तलिखित म्हणजे ज्यात विद्या आहे, जे निदान पंचाहत्तर वर्षांचे आहे, असे हाती लिहिलेले पुस्तक. फर्माने, महसुलाची दप्तरे, हिशेबी कागद हे त्या व्याख्येत बसत नाहीत, अशी त्या अभियानाची मूळ व्याख्या आहे. म्हणजे आपल्या चार पेट्यांपैकी पोथ्यांची एक पेटी त्या दारातून आत जाईल. कीर्द-खतावण्यांच्या दोन पेट्या बाहेर राहतील. चौथीत जुनी छापील पुस्तके आहेत.

तेव्हा प्रत्येक पेटीचे दार निराळे. छापील व दुर्मीळ पुस्तकांसाठी कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. ते १९७२ साली निघाले व सार्वजनिक ग्रंथालयांस साह्य देते. पण त्यासाठी आपले वाचनालय आधी शासनमान्य हवे. हस्तलिखिते व दुर्मीळ ग्रंथ यांच्या जतनासाठी नोंदणीकृत संस्थांस राष्ट्रीय अभिलेखागाराकडून अनुदान मिळते. त्यात संस्थेनेही आपला वाटा घालावा लागतो. कंपन्यांच्या २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास द्यावा लागतो, आणि कला, संस्कृती व वारसा यांचे जतन त्या कार्यांच्या यादीत आहे. परदेशी म्हणाल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा, नाश पावू पाहणाऱ्या दप्तरांसाठीचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. हिशेबाच्या वह्यांसारख्या कागदांस तेथे मज्जाव नाही. त्याचा एक नियम आम्हांस फार आवडला: मूळ कागद देशाबाहेर न्यावयाचे नाहीत, त्यांची छायाचित्रे तेवढी न्यावयाची, आणि त्यांची एक प्रत त्या देशातच ठेवावयाची. मात्र परदेशी पैसा घेण्यास २०१० च्या कायद्यान्वये केंद्राची परवानगी लागते, आणि ती आपल्या मंडळापाशी नाही. ज्या विद्यापीठापाशी किंवा संस्थेपाशी ती आहे, तिच्या छत्राखाली उभे राहणे एवढाच मार्ग आपणांस मोकळा आहे.

ह्या सर्वांहून मोठी अडचण पैशाची नाही, ती आपल्या नावातच आहे. आयकराच्या कायद्यात देणगीदारास जी सवलत मिळते, जी ८० जी ह्या जुन्या कलमाच्या नावाने सर्वांस ठाऊक आहे, ती एका विशिष्ट जातीच्या वा धर्मपंथाच्या हितासाठी काढलेल्या संस्थेस साधारणतः मिळत नाही. मागासवर्गांसाठी त्यात अपवाद आहे, पण त्याचा आश्रय आपणांस घेता येत नाही, असे आपल्या हिशेबनिसांनी स्पष्ट सांगितले आहे. वर सांगितलेले दातेही हेच विचारतात: तुमचा संग्रह उद्या कोणीही येऊन पाहू शकेल काय? आमच्या ज्ञातीपुरता, असे उत्तर दिले की अर्ज तेथेच संपतो. आमच्या मते हे योग्यच आहे, जरी काही ज्येष्ठांस ते रुचणार नाही. त्या वह्या तरी कोठे केवळ आपल्या ज्ञातीच्या आहेत? पान उघडा. सालगडी, सुतार, तेली, मुल्ला, मांग, पाटील, देशमुख, सर्वांची नावे आहेत. कोणास किती शेर जोंधळे दिले, कोणी बैल गहाण ठेवला, कोणाचा अंगठा कोठे. आपल्या पूर्वजांनी सावकारी केली. त्यात उपकार होते आणि पिळवणूकही होती. तो हिशेब उघडा पडेल ही भीती पुष्कळ घरांत आहे. एका जुन्या घरातील कर्त्या गृहस्थांनी आम्हांस तोंडावर विचारले, “गुरुजी, आमच्या आजोबांनी कोणाची जमीन घेतली हे तुम्ही साऱ्या जगाला दाखविणार?” आम्ही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. रात्री विचार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो व सांगितले की दत्तकपत्रे, वाटण्या, घरगुती तंटे यांचे कागद अमुक वर्षे मोहोरबंद ठेवण्याचा करार करता येतो. पण ज्या कुळांची नावे त्यात आहेत, त्यांच्या नातवंडांसही ती वही पाहण्याचा हक्क आहे, हे आपण मानले पाहिजे. त्यांनी चहा पाजला. वह्या अजून दिलेल्या नाहीत.

नातवंडांचा हक्क ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील कचेऱ्यांतून निजामकालीन दप्तरे खाली काढली गेली, मोडी व उर्दू जाणणारे शोधावे लागले, आणि सापडलेल्या नोंदींची छायाचित्रे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. आरक्षणाच्या वादात आम्ही शिरत नाही. ते ह्या पानांचे काम नव्हे. पण जे कागद आदल्या वर्षी रद्दीसारखे पडले होते, त्यांवर लेकरांचे शिक्षण व नोकरी अवलंबून आहे असे कळताच लोक रांगा लावून उभे राहिले, हे सर्वांनी पाहिले. त्या वेळी आमच्याकडेही काही तरुण वह्या घेऊन आले. आमचे मोडी वाचन बेताचे. वडिलांनी शिकविले तेवढेच. तरी तीनचार महिने सायंकाळी आम्ही तेच काम केले.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळाच्या वतीने एका कार्यालयाकडे अर्ज धाडला. सुंदर अक्षरात, ज्ञातीच्या उज्ज्वल परंपरेचे वर्णन करून, चार पाने. उत्तर आले ते अर्ध्या पानाचे: एकूण नग किती, प्रत्येकाची पाने किती, लांबी-रुंदी किती, स्थिती काय, मालकी कोणाची, देणाऱ्याचे संमतिपत्र आहे काय, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब कोठे आहेत. यांपैकी हिशेब तेवढे होते. परंपरेचे वर्णन त्यांनी मागितलेच नव्हते. मुदत निघून गेली. त्यानंतर उतावळेपणाने आम्ही एका छपाईवाल्यास दोन वह्या दिल्या. त्याने त्या काचेवर उलट्या दाबून छायाचित्रे घेतली. एकीची शिवण उसवली आणि पाने सुटी झाली. ती पाने पारदर्शक चिकटपट्टीने जोडून त्याने वर दुरुस्तीचे पैसे मागितले. ती चिकटपट्टी आता पिवळी पडून अक्षरे खात आहे. ज्ञातिबांधवांस विनंती आहे की जुन्या कागदास चिकटपट्टी लावू नये व त्यावर प्लास्टिकचे वेष्टण चढवू नये. पोथी उघडी ठेवून वरून छायाचित्र घ्यावे, दाबू नये. मूळ चित्र पूर्ण आकाराचे ठेवावे, आणि त्याच्या निदान तीन प्रती करून एक तरी दुसऱ्या गावी ठेवावी. नांदेडास गोदावरीचा पूर आणि लातुरास भूकंप, दोन्ही एकाच दिवशी येणार नाहीत इतकी आशा करण्यास हरकत नाही.

गेल्या श्रावणापासून आम्ही यादीस बसलो आहोत. दर रविवारी दुपारी दोन ते पाच, कार्यालयाच्या मागच्या खोलीत. सोबत लातूरहून येणारा महाविद्यालयातील एक तरुण आणि दोन मुली. एकीने मोडीची बाराखडी दोन महिन्यांत आत्मसात केली, जी शिकण्यास आम्हांस वर्ष लागले होते. प्रत्येक नगास क्रमांक, मऊ ब्रशाने धूळ झाडणे, पाने मोजणे, पट्टीने माप घेणे, कोणत्या घराने दिले ते लिहिणे, आणि त्या घराची सही आणणे. शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण पुष्कळ वस्तू कोणी, केव्हा आणून ठेवल्या हे कोणासच आठवत नाही. ज्या घरांनी आपल्या वाडवडिलांच्या वस्तू मंडळात ठेवल्या असतील, त्यांनी कृपा करून कळवावे. ज्यांच्या घरी पेटी आहे पण ती द्यावयाची नाही, त्यांनी ती देऊ नये. आम्ही घरी येऊन तिची यादी करू आणि यादीची एक प्रत त्यांच्याच हाती देऊ. लाल फडके मात्र धुऊन, वाळवून पुन्हा तेच बांधावे.

पहिली पेटी संपली आहे. दुसरीत आम्ही एकेचाळिसाव्या नगापर्यंत आलो आहोत. ती औसा तालुक्यातील एका घराची खतावणी आहे, पहिली सात पाने कसरीने नेलेली, आठव्या पानावर वरच्या बाजूस ‘श्री’ आणि त्याखाली कोणा बाईच्या नावावर दोन पायली तूर. बाईचे आडनाव लावता येत नाही. येत्या रविवारी पुन्हा पाहू.